गावात राहून डिमेंशियाच्या संशोधनात भाग कसा घ्यायचा: विदर्भातल्या कुटुंबांसाठी

60 वर्षांवरच्या भारतीयांमध्ये डिमेंशियाचं (स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणाऱ्या आजाराचं) प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे देशात साधारण 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 मध्ये लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासातून आला. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा आणि खेड्यात शहरापेक्षा प्रमाण जास्त निघालं. खेड्यातल्या माणसांचा मेंदू वयाबरोबर कसा बदलतो याचा वर्षानुवर्षं माग ठेवणारा मोठा अभ्यास कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात चालतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च तो करतं. तिथलं आयुष्य वेगळं, इथलं वेगळं. आपल्याकडे पऱ्हाटीवरची फवारणी आहे, खर्रा आहे, 45 अंशांचा उन्हाळा आहे, घरात वऱ्हाडी, झाडीबोली नाहीतर गोंडी बोलली जाते. हे सगळं मोजायचं तर इथलीच माणसं अभ्यासात हवीत.

इथंच मोजलं की काय हाती लागतं, ते गडचिरोलीत दिसलेलं आहे. ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. दर सात मृत्यूंत साधारण एक पक्षाघाताने झालेला होता. पक्षाघातातून वाचलेल्या अनेकांना पुढे डिमेंशिया होतो, पण त्याची मोजणी अजून फारशी झालेली नाही.

कोण भाग घेऊ शकतं

पेशंट तर घेऊ शकतोच, पण बिनआजाराची माणसंही लागतात, कारण तुलना त्यांच्याशी होते. 45-50 वर्षांचे निरोगी भाऊ-बहीण, शेजारी, निवृत्त शिक्षक, मजूर, सगळे चालतात. सांभाळणाऱ्यांवर वेगळे अभ्यास होतात: त्यांची झोप, कर्ज, पाठदुखी, त्यांना प्रशिक्षण दिलं तर फरक पडतो का. आणि जवळजवळ प्रत्येक अभ्यासात पेशंटबद्दल माहिती सांगणारा एक माणूस लागतो. तो नसेल तर पेशंटचं नावच घेतलं जात नाही.

हा माणूस कोण असावा, यात आपल्याकडे नेहमी गडबड होते. दवाखान्यात मोठा मुलगा जातो, कारण गाडी त्याची आणि बोलणंही त्याचंच. पण सासऱ्याने आज कपडे उलटे घातले, दोनदा जेवायला मागितलं, रात्री तीनदा उठून कवाड वाजवलं, हे सुनेला माहीत असतं. मुलगा सांगतो, ‘थोडं विसरतात, बाकी ठीक आहे’. त्या एका वाक्याने मधल्या टप्प्याचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात नोंदला जातो. तेव्हा सोबत सूनबाईंना न्या, आणि त्यांना पेशंटसमोर नाही तर बाजूला बसवून विचारा, अशी विनंती टीमला आधीच करा. सासऱ्यांसमोर त्या मोकळ्या बोलणार नाहीत.

आधी निदान

निदानाचा कागद नसेल तर बहुतेक अभ्यासांत पेशंट म्हणून प्रवेश मिळत नाही. सुरुवात गावातूनच होते. आशाताई 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरतात. त्यात 60 वर्षांवरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, जेवण-कपडे अशा रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. हे प्रश्न घाईत ‘नाही’ म्हणून टिक केले जातात, कारण उत्तर घरातलं कोणीतरी ओट्यावरून देतं. आशाताई आल्या की हे प्रश्न पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला वेगवेगळे विचारायला सांगा. ‘हो’ आलं तर आयुष्मान आरोग्य मंदिरातून वर पाठवणी होते. तिथून न्यूरोलॉजी किंवा मानसोपचार विभागाकडे लेखी चिठ्ठी मागा.

तिथं किमान या तपासण्या होतात: बी-12, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूवर साचलेलं रक्त ही विसरण्याची अशी कारणं आहेत ज्यांवर उपचार आहेत. संशोधन बाजूला, पण एवढ्यासाठी तरी निदान लांबवू नका. आणि दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, ताप आहे, लघवीला जळजळ आहे, तोंड वाकडं झालं, तर कुठलाही फॉर्म भरत न बसता ताबडतोब दवाखाना गाठा.

गोळ्यांची पाकिटं फेकू नका. थरथर कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम, या सगळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती आणखी मंदावते. पट्ट्या जशा आहेत तशा पिशवीत घालून न्या, वैद्याच्या पुड्या आणि गावच्या डॉक्टरने सुट्ट्या दिलेल्या गोळ्यांसकट. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

वही

सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू म्हणजे तारखा घातलेली वही. आठवड्यातून दोन-तीन ओळी पुरतात, पण किमान तीन महिने सलग लिहा. काय लिहायचं, तर घडलेली गोष्ट. मत नको. ‘बाबा फार विसरतात’ या वाक्याचं संशोधक काही करू शकत नाही. पुढची नोंद मात्र उपयोगाची:

‘मंगळवार. वावरातून परत येताना धुऱ्यावरून डावीकडे वळायच्या ऐवजी नाल्याकडे गेले. शेजाऱ्याने आणून सोडलं. वाट रोजची. आधी असं कधी नाही. रात्री झोप नीट.’

या एवढ्याशा नोंदीत दिशा चुकली, कुठल्या ओळखीच्या वाटेवर चुकली, हे नवीन आहे की जुनं, आणि त्या रात्री झोप कशी होती, सगळं आलं. पैशांचे व्यवहार वेगळे लिहा: बाजारात 500 ची नोट देऊन सुट्टे न घेता आले, बियाण्याच्या दुकानात एकच पावती दोनदा चुकती केली. पडणं, भास, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं याला तारीख आणि वेळ द्या. झोपेतलं असं ओरडणं कधीकधी पार्किन्सन (हातपाय थरथरणं, हालचाल मंदावणं असा मेंदूचा आजार) किंवा लेवी बॉडी डिमेंशिया या डिमेंशियाच्या एका प्रकाराच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतं. घरचे त्याला ‘वाईट स्वप्नं’ म्हणून सोडून देतात.

वहीच्या पहिल्या पानांवर जुनी माहिती लिहून ठेवा, कारण तीच मुलाखतीत विचारली जाते आणि ऐनवेळी आठवत नाही:

वय. आधारवरची 1 जानेवारी ही जन्मतारीख बहुतेकदा अंदाजाने टाकलेली असते. खरं वय घटनांवरून काढा. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी केवढे होते, महाराष्ट्र झाला तेव्हा 1960 ला शाळेत होते का, 1972 च्या दुष्काळात लग्न झालं होतं का, पहिलं मूल झालं होतं का. अशा दोन-तीन घटना जुळल्या की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं. पाच-सात वर्षांची चूक राहिली तर स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण चुकीच्या वयोगटाशी ताडले जातात.

शिक्षण. ‘चौथी’ एवढं पुरत नाही. खरोखर किती वर्षं शाळेत गेले, आज पेपर वाचता येतो का, सही करतात की अंगठा, हिशोब तोंडी करत होते का.

फवारणी. कीटकनाशकांचा संपर्क आणि पार्किन्सन यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा सगळ्यांना आठवते, पण मेंदूवरचा परिणाम हळूहळू, कमी मात्रेतून, वर्षानुवर्षं होतो का, हा प्रश्न वेगळा आहे. म्हणून लिहा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत स्वतः फवारलं, एका हंगामात अंदाजे किती दिवस, औषधांची नावं आठवतील तेवढी, पाठीवरचा पंप हाताचा की पेट्रोलचा, तोंडाला काही बांधत होते का, कधी चक्कर-उलटी होऊन भरती व्हावं लागलं का. जुन्या पावत्या, डबे, कृषी केंद्राची बिलं असतील तर फोटो काढून ठेवा. विदर्भातल्या घरांनी हे एक पान नीट लिहिलं तर त्याची किंमत फार मोठी आहे, कारण औषधं वर्षागणिक बदलत जातात आणि पेशंट गेल्यावर हे सांगणारं कोणी उरत नाही.

बाकी: खर्रा किंवा बिडी रोज किती, दारू, बीपी-साखर कधीपासून, ऐकू कमी कधीपासून, डोक्याला मार, घरात आणखी कोणाला असा आजार होता का. दहा वर्षांपूर्वी माणूस कसा होता, हेही हमखास विचारतात. त्यासाठी घर बांधलं ते वर्ष, नातीचं लग्न, असा एखादा खुंटा धरा आणि त्या वेळी ते काय काय करत होते ते लिहा.

अभ्यास कुठे सापडतो

खेड्यातल्या घराच्या वाट्याला मोठी औषध-चाचणी क्वचित येते. बहुतेकदा येतो तो वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध, किंवा नर्सिंग-फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचा लहान अभ्यास. याला कमी लेखू नका. आपल्या भागाबद्दल जे थोडंफार माहीत होतं ते अशाच अभ्यासांतून.

चौकशी तीन विभागांत करा: न्यूरोलॉजी, मानसोपचार आणि कम्युनिटी मेडिसिन. तिसऱ्याचं नाव लोकांना माहीत नसतं, पण गावागावांत फिरून होणारे अभ्यास तोच विभाग करतो. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, सावंगी मेघेचं महाविद्यालय, नागपूरचं एम्स, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं, यांतलं जे एसटीने दोन-अडीच तासांत गाठता येतं ते निवडा. लांबचं निवडलं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला जाणं सुटतं.

ओपीडीच्या गर्दीत प्रोफेसरांना विचारून उपयोग नाही. दुपारनंतर विभागाच्या कार्यालयात जा आणि एवढंच म्हणा: ‘आमच्या घरी डिमेंशियाचे पेशंट आहेत, निदानाचे कागद आहेत, सोबत राहणारा माणूस आहे. इथं यावर कुठला अभ्यास सुरू आहे का? नसेल तर आमचं नाव-नंबर लिहून ठेवा.’ दोन मोबाइल नंबर द्या, त्यातला एक बाहेरगावच्या नातेवाइकाचा. सिम बदलतात, आणि पाठपुरावा नेमका तिथं तुटतो.

औषधाच्या आणि इतर उपचारांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर आहे: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ती 2007 मध्ये सुरू केली. माहिती इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पोराला सोबत घ्या. शोधाच्या चौकटीत डिमेंशिया, अल्झायमर (डिमेंशियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार), पार्किन्सन, कॉग्निटिव्ह हे शब्द इंग्रजीत टाका. नोंद उघडली की चार गोष्टी बघा: चाचणी कोणत्या गावी आहे, भरती सुरू आहे की बंद, कोणाला घेतात आणि कोणाला घेत नाहीत, आणि नीतिमत्ता समितीची (भाग घेणाऱ्यांचं हित आणि सुरक्षा बघणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का. ‘भरती सुरू’ लिहिलेलं असूनही प्रत्यक्षात संपलेली असते, नोंद अद्ययावत केलेली नसते. फोन केल्याशिवाय निघू नका.

सही करण्याआधी

माहितीपत्रक मराठीत मागा. घरी नेऊन एक रात्र वाचायचा तुमचा हक्क आहे. ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. अंगठा द्यायचा असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संशोधकांच्या टीममधला चालत नाही. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत घरी आलीच पाहिजे. नवीन रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या रसायनाच्या, औषधाची चाचणी असेल आणि पेशंट स्वतःचं हित पूर्ण सांभाळू शकत नसेल, तर 2019 च्या नियमांनुसार संमतीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्या संरक्षणासाठी आहे.

डिमेंशिया झाला म्हणजे माणसाला संमती देताच येत नाही, असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात बरेच जण समजून हो-नाही सांगतात. पुढच्या टप्प्यात कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी, म्हणजे पती, पत्नी किंवा सज्ञान मूल, सही करतो. पण सही असली तरी आजीने सुई बघून हात मागे घेतला, तर त्या दिवशी थांबायचं. मधेच केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

विचारायचे प्रश्न: रक्त किती घेणार, ते साठवून ठेवणार का, त्यावर जनुकांची तपासणी होणार का, निकाल आम्हाला सांगणार का, जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळते का, चाचणीमुळे त्रास झाला तर उपचार कोण करणार. औषध-चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद नियमांत आहे. संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्यांचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात.

म्हणून जो पैसे मागतो तो संशोधन करत नाही. डिमेंशिया किंवा पार्किन्सन बरा करतो म्हणून लाखो रुपयांत स्टेम सेल (मूळ पेशी) देणाऱ्यांपासून लांब राहा. या आजारांसाठी स्टेम सेल मान्य उपचार नाही, फक्त मंजूर चाचणीत देता येतं, आणि तेही फुकट. दारात येऊन आधारचा ओटीपी, बँकेचं पासबुक, सातबारा मागणाऱ्याला नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र मागा आणि महाविद्यालयात फोन करून खात्री करा.

चाचणीचा दिवस

चाचणी सकाळची घ्या. दुपारनंतर पेशंटचा गोंधळ वाढतो. एप्रिल-मे आणि कापूस वेचणीचे दिवस टाळता आले तर तारीख मागतानाच सांगा, टीम बहुधा ऐकते. 75 वर्षांवरच्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, बायकांनाही अर्धं. आधार सोबत ठेवा.

चष्मा, कानाचं यंत्र, दातांची कवळी घेऊन जा. कानातला मळ आधीच काढून घ्या. ऐकू न आलेला प्रश्न उत्तरपत्रिकेत ‘विसरले’ म्हणून लिहिला जातो. आदल्या रात्री झोप झाली नसेल, पोट साफ नसेल, ताप असेल तर तारीख पुढे ढकला. रक्तासाठी उपाशी यायला सांगितलं असेल आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर आधी फोन करून विचारा, आणि सोबत भाकर-भाजी बांधून घ्या. रक्त साधारण 10 ते 20 मिली घेतात, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे. एमआरआय असेल तर पेसमेकर, शरीरातली सळी, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, जोडवी-मंगळसूत्र, सगळं आधी सांगा. मशीनमध्ये अर्धा तास किंवा जास्त निपचित पडावं लागतं आणि आवाज मोठा असतो.

प्रश्न विचारत असताना मधे बोलू नका. ‘सांगा ना बाबा, आज बुधवार नाही का’ म्हटलं की ती चाचणी वाया गेली. उत्तर चुकल्यावर हसू नका, ओशाळून घराचं समर्थनही करू नका. दुसऱ्या बाजूने, पेशंटला प्रमाण मराठी कळत नसेल तर ते जरूर सांगा. अशिक्षित माणसाला लागू पडतील अशा चाचण्या आहेत. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी तयार झाली. त्यात वाक्य वाचून डोळे मिटायच्या ऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ असं सांगतात. आयसीएमआरने पुढे भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच बनवला. तो पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. मराठी त्यात नव्हती. म्हणून चाचणीतला एखादा शब्द किंवा चित्र तुमच्या गावात कोणालाच कळत नसेल, तर चाचणी संपल्यावर टीमला तो शब्द लिहून द्या. अशा सूचनांवरूनच चाचणी सुधारते.

सर्वेक्षणाची टीम दारात आली तर

इथली एक सवय मोडायला हवी. ‘आमच्या घरी सगळे चांगले आहेत, पलीकडच्या घरी म्हातारी आहे तिकडे जा’, असं सांगून टीमला पाठवून देतात. हेतू चांगला असतो, पण घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली असतात. पलीकडचं घर निवडलेलं नसेल तर तिथली म्हातारी मोजून आकडा फुगतो, आणि तुमचं घर सुटलं तर तोल बिघडतो. उलट, लग्नं जमवायची आहेत म्हणून पेशंटला मागच्या खोलीत ठेवलं, तर गावात आजारच नाही असं निघतं आणि पुढे ना तपासणी शिबिर येतं ना औषधं. निवडलेल्या घरातल्या निवडलेल्या माणसानेच उत्तरं द्यायची. घरी नसेल तर पुन्हा या म्हणून वेळ द्या. सरपंच किंवा आशाताईंनी ग्रामसभेत हे आधी सांगितलं तर नकार बरेच कमी होतात. रक्त विकतात ही अफवा उठली तर नमुना कुठल्या प्रयोगशाळेत जातो, ते टीमकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.

औषधाच्या चाचण्यांबद्दल

अल्झायमरवरची लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी शिरेतून द्यावी लागतात. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो का, हे बघायला वारंवार एमआरआय लागतो. रक्त पातळ करायची औषधं सुरू असतील तर धोका वाढतो. अशा प्रकारच्या चाचणीत जायचं तर वर्ष-दीड वर्ष शहरात राहायची सोय हवी. अहेरी किंवा धारणीहून ये-जा करून हे जमत नाही, आणि जमेल असं सांगणाऱ्याने रात्री-अपरात्री त्रास झाला तर काय करायचं, तेही सांगावं. शिवाय निम्म्या लोकांना नुसतं पाणी किंवा बिनऔषधाची गोळी मिळू शकते. कोणाला काय मिळालं, हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं.

नंतर

दीर्घ अभ्यासात सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बोलावतात. पेशंट खालावला की घरचे जाणं सोडतात: ‘आता काही कळत नाही, नेऊन काय करायचं’. पण खालावलेल्यांचीच माहिती सुटली तर आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. नेणं शक्य नसेल तर फोनवर मुलाखत द्या, टीमला घरी बोलवा. पेशंट वारला तर तारीख, ठिकाण आणि शेवटच्या दिवसांत काय झालं ते टीमला कळवा. तीही नोंद असते. अभ्यास संपला की निष्कर्ष मराठीत, एका पानात, ग्रामपंचायतीला द्या अशी लेखी मागणी विभागप्रमुखांकडे करा.

मेंदूदानाबद्दल काही घरं विचारतात. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मेंदूच्या ऊतींची पेढी आहे, पण मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागत असल्याने आपल्या भागातून ते प्रत्यक्षात अवघड आहे. देहदान जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात करता येतं. ते मुख्यतः शिक्षणासाठी वापरलं जातं, मेंदूच्या आजाराच्या संशोधनासाठी क्वचितच. अर्ज पेशंट स्वतः समजून सही करू शकतो तेव्हाच भरून घ्या, आणि सगळ्या मुलांना त्याची प्रत द्या, नाहीतर ऐनवेळी एकजण अडतो.

या वाटेवर सांभाळणारीचा जीव थकला तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आणि मानसिक आरोग्याची टेलीमानस 14416 या नंबरांवर मराठीत बोलता येतं.